नागीणची बीन आणि आरेचा तारपा



लग्नाची वरात निघाली आणि बँडवाल्यांनी नागीणची धून धरली, की काय होतं ते सांगायला नको. एक भाऊजी रुमालाचं टोक दातांत धरून पुंगीवाले होतात, दुसरे दोन्ही हातांचा फणा करून रस्त्यावर बसतात आणि नवरीकडच्या आत्याबाई 'अगं बाई, कपडे बघा' म्हणून कपाळाला हात लावतात. ही धून ओळखू न शकणारं माणूस आपल्याकडे विरळाच. पण ती कोणत्या वाद्यावर वाजली होती, असं विचारलं तर दहापैकी दहा जणी सांगतील, बीन. गारुड्याची पुंगी.

पुंगी नव्हतीच ती.

'नागिन' हा सिनेमा १९५४ चा. वैजयंतीमाला, प्रदीपकुमार, लताबाईंचा आवाज, हेमंतकुमारांचं संगीत. निर्मिती फिल्मिस्तानची, म्हणजे आपल्या गोरेगावची. एस. व्ही. रोडवरचा हा स्टुडिओ. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोककुमार, रायबहादूर चुनीलाल यांनी १९४३ साली ही कंपनी काढली. 'नागिन'मधली ती बीन वाजवली कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतल्या थोरल्यांनी. ती वाजवली क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास ते बनवलं. पेटीसारख्या पट्ट्या, आत रेडिओसारखे व्हॉल्व्ह आणि आवाज बाहेर पडायला वेगळा स्पीकर. साथीला हेमंतकुमारांचे सहायक रवी यांची हार्मोनियम होती. भारतातल्या गारुड्याचा सगळ्यात प्रसिद्ध आवाज परदेशी यंत्रातून निघाला, आणि आजतागायत आपण त्यावर डोलतो आहोत.

यात कुणाची फसवणूक झाली असं आम्ही म्हणत नाही. कल्याणजींनी कमालच केली. आमचा प्रश्न आपल्या कानांचा आहे. गारुडी रस्त्यावरून गेले, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगण्यावर बंदी आली. ते योग्यच झालं. पण त्यांच्याबरोबर खरी पुंगीही दारावरून गेली आणि उरली ती सिनेमातली. आता एखादीने खरी पुंगी ऐकली, तर तिला तीच खोटी वाटेल!

म्हणून आमच्या श्रवण गटात गेले काही महिने आम्ही एक उद्योग करतो. जगातल्या कुठल्याही भागातलं पारंपरिक संगीत लावायचं, गाव-देश सांगायचा नाही, आणि 'छान आहे', 'गूढ वाटतं', 'जंगलात गेल्यासारखं वाटतं' असलं काही बोलायचं नाही. त्याऐवजी साधं विचारायचं. आवाज कशातून येतोय? तारेतून, फुंकीतून, कातड्यावरून की धातूवरून? एका वेळी किती सूर चालू आहेत? मधे श्वासाची जागा ऐकू येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली काय चाललंय?

पहिला प्रश्न आमच्या डोक्यातून आलेला नाही, आणि परक्यांकडून उसना घेतलेला तर नाहीच. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत : तत म्हणजे तारांची, सुषिर म्हणजे फुंकीची, अवनद्ध म्हणजे कातडं मढवलेली आणि घन म्हणजे टाळ-झांजांसारखी. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी एकोणिसाव्या शतकात भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह बेल्जियमच्या राजाला भेट दिला. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात ही वाद्यं सांभाळणारे व्हिक्टर माहिलाँ यांना जगभरच्या वाद्यांची यादी लावायची होती. युरोपात तेव्हा तारांची, फुंकीची आणि 'ठोकायची' अशी ढोबळ विभागणी होती. तीत ढोलकी आणि झांज एकाच टोपलीत पडत. माहिलाँनी भारतीय चौकट घेतली. तिचाच विस्तार करून १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि साक्स या दोघांनी बर्लिनमध्ये वर्गीकरण केलं, आणि जगातली संग्रहालयं आजही ते वापरतात. क्लॅव्हायोलिनला मात्र त्या चौघांत जागा नाही. विजेच्या वाद्यांसाठी साक्स यांना १९४० मध्ये पाचवा वर्ग जोडावा लागला.

नावावर विसंबून मात्र राहू नये. धृपद गाणाऱ्या घराण्यांत 'बीन' म्हणजे रुद्रवीणा. तिचा आणि सापाचा काही संबंध नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत आपल्या गल्लीत जी 'बेंजो पार्टी' येते, तिच्यातला बेंजो अमेरिकेतला नाही. टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचं ते वाद्य म्हणजे आपलं बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानात आहे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ते प्रथम बनवलं, तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. बाप्पांना निरोप देताना आपण जपानी वाद्यावर कोळीगीत वाजवतो, आणि ते अस्सल मुंबईचं वाटतं. वाटायलाही हवं, शंभर वर्षं काही थोडी नाहीत.

आता पुंगीकडे येऊ. पुंगीत भोपळा असतो आणि त्याखाली दोन नळ्या. एका नळीला बोटांची भोकं, तिच्यावर चाल वाजते. दुसरी एकच सूर धरून बसते, तंबोऱ्यासारखी. नळ्यांच्या जिभल्या भोपळ्याच्या आत असतात, त्यामुळे वाजवणाऱ्याची जीभ किंवा ओठ त्यांना लागत नाहीत. तो गालात हवा साठवून ती बाहेर ढकलतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो, म्हणून आवाज तुटत नाही. याचे परिणाम कानाला थेट कळतात. बासरीवाला 'सा सा सा' वाजवताना जिभेने फुंक तोडू शकतो. पुंगीवाला ती तोडू शकत नाही, म्हणून एकच सूर दोनदा म्हणायचा तर मधे दुसऱ्या सुराला बोट झटकन लावून यावं लागतं. पुंगीची ती वळवळ नुसती नटवेगिरी नव्हे, ती वाद्याची गरज आहे. क्लॅव्हायोलिन याच्या उलट. ते एका वेळी एकच सूर काढतं, आणि पट्टीवरचं बोट उचललं की आवाज बंद. सिनेमाची धून आता पुन्हा लावा आणि ऐका : सुरांच्या मधे फट पडते का? खालचा सूर असलाच तर तो त्याच वाद्याच्या पोटातून येतोय, की शेजारच्या हार्मोनियममधून?

हा कान एकदा तयार झाला की जग फार जवळ येतं. स्कॉटलंडच्या बॅगपाइपमध्ये भोपळ्याऐवजी कातड्याची पिशवी असते. चालीची नळी एक आणि अखंड सुराच्या तीन. तिथेही फुंक तोडता येत नाही, तिथेही तीच झटकन बोटं लावायची युक्ती. इजिप्तचं अर्घूल जोडनळ्यांचं, त्यातली एक लांब नळी नुसती घुमत राहते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर लाउनेड्डास वाजवणारा तीन नळ्या तोंडात धरतो आणि आपल्या पुंगीवाल्यासारखाच नाकाने श्वास घेत राहतो. तसा वादक घडवलेली ब्राँझची एक छोटी मूर्ती तिथे सापडली आहे, ती ख्रिस्तपूर्व काळातली. हे सगळे एकमेकांकडून शिकले असं आम्हाला म्हणायचं नाही. नळी, जिभली आणि अखंड हवा हाताशी आली की माणूस कुठेही याच वाटेने जातो, एवढंच.

सुरांच्या पट्टीबद्दल थोडक्यात. अनोळखी संगीत ऐकताना 'बेसूर आहे' असं पटकन तोंडात येतं. लंडनच्या अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली निरनिराळ्या देशांच्या वाद्यांचे सूर मोजले, त्यासाठी सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले आणि दाखवून दिलं की निसर्गाने ठरवलेली एकच सुरावट जगात कुठेही नाही. आपल्याकडे सांगलीच्या कृ. ब. देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिलं, तोही मोजण्याचाच ध्यास. तेव्हा आपल्या पेटीत बसत नाही तो सूर चुकीचा, हा समज त्या पेटीसकट बाजूला ठेवावा.

आणि आता रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला जाऊ. आरेची दुधाची वसाहत १९४९ मध्ये सुरू झाली, पण तिथले आदिवासी पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. सत्तावीस पाडे मोजले जातात. त्यांत वारली आहेत, कोकणा आहेत, मल्हार कोळी आहेत. वारल्यांचं वाद्य तारपा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेणाने बुजवलेले सांधे आणि पुढे ताडाच्या पानांचा भला मोठा कर्णा. जिभल्या भोपळ्याच्या आत, श्वास अखंड. म्हणजे हा पुंगीचा सख्खा भाऊ, अंगाने दांडगा. स्टेशनच्या एका बाजूला सिनेमासाठी विजेच्या पेटीतून बीन वाजली, आणि दुसऱ्या बाजूला, दोन-चार मैलांवर, त्याच कुळातलं खरं वाद्य भोपळ्यातून घुमत होतं. गोरेगावने नाव कुठलं लक्षात ठेवलं, ते आपल्याला ठाऊकच आहे.

तारपा आपल्याला चित्रात भेटतो. साडीच्या काठावर, कुर्त्यावर, सोसायटीच्या भिंतीवर, जिथे वारली चित्र आहे तिथे मधोमध तारपेवाला आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी रांग. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं जगभर नेली. ते २०१८ मध्ये वारले. पण चित्राला आवाज नसतो. म्हणून पुष्कळांची समजूत अशी की तारपेवाला एकच 'आदिवासी धून' तासन् तास वाजवतो. नाचणाऱ्यांना विचारा. तारपेवाला चाल बदलतो आणि पुढच्या क्षणी रांगेतले सगळे पाय बदलतात. तो वळला की रांग वळते. रांगेतल्या बायका-पुरुषांनी एकमेकांच्या कमरेला हात घातलेले असतात; एकीचा कान चुकला तर शेजारणीचा तोल जातो. इतकं बारीक ऐकणारा श्रोता गाण्याच्या मैफिलीत तरी मिळेल का, आम्हाला शंका आहे. आपल्याला जे एकसुरी वाटतं, त्यात त्यांना दहा गोष्टी ऐकू येतात, कारण त्यांना त्यावर पाऊल टाकायचं असतं.

मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे हाच आग्रह धरत. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे संगीताचे निरनिराळे प्रवाह त्यांनी मांडले. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावू नये, हा त्यामागचा विचार. तारप्यात राग शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. पायांचं ऐकलं तर सगळं लागतं.

वारली लग्नात तर धवलेरी असते. ही बाई गाऊन लग्न लावते. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्याकडे मंगलाष्टकांना बायका मागे उभ्या राहून अक्षता टाकतात, तिथे पुरोहितच बाई आहे. तिचं गाणं ऐकताना प्रश्न बदलावे लागतात. तिथे वाद्याची जात कामाची नाही. कोण सुरुवात करतं, कोण ओळ उचलतं, शब्द कुठे लांबतात, ते ऐकायचं.

तारप्याला काय लागतं ते वर सांगितलंच : भोपळा, बांबू, ताड, मेण. यातलं काही दुकानात मिळत नाही. पाड्यामागे मोकळी जागा हवी, वेल चढवायला कूड हवा, आकाराचा भोपळा वाळेपर्यंत धीर हवा. आरेत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं रात्रीतून पडली, तेव्हा सगळी चर्चा हवेची आणि बिबट्यांची झाली. ती व्हायलाच हवी होती. वाद्याचं नाव फारसं कुणी काढलं नाही. इकडे पश्चिमेला फिल्मिस्तानची जागाही २०२५ मध्ये बांधकामासाठी विकली गेल्याच्या बातम्या आल्या. तिथली धून तरी तबकड्यांत आणि फोनवर राहील. तारपेवाल्याने मुलाला शिकवलं नाही, तर ती चाल कुठे राहणार?

ध्वनिमुद्रणाने काय वाचतं, याचं एक उदाहरण आपल्याच बायकांचं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांवर बायका. सुरुवातीला त्या कागदावर उतरवल्या गेल्या. शब्द राहिले, चाल नाही. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यात आले आणि शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून त्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर मोफत ऐकता येतात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने त्यातली एकेक ऐकून या. शब्द पहिल्या खेपेला सोडून द्या. बाई श्वास कुठे घेते ते पाहा, दुसरी ओळ कुठे उचलते ते पाहा. आणि ज्या मुद्रणात जातं फिरतंय, तिथे गळ्याच्या खाली कान लावा. दगडाची घरघर ऐकू येईल, एका सुरात, न तुटणारी.