ऊर्जा-अंशशोधन (ॲस्ट्रोसॅटवरील क्ष-किरण उपकरणे)

क्ष-किरणाचा फोटॉन डिटेक्टरवर आदळला की विजेचा स्पंद निर्माण होतो आणि स्पंदाच्या उंचीनुसार त्याची नोंद एखाद्या चॅनेलमध्ये होते. कोणता चॅनेल किती ऊर्जेचा, हे ठरवण्याच्या कामास ऊर्जा-अंशशोधन (कॅलिब्रेशन) म्हणतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावरील सीझेडटीआय, एसएक्सटी आणि लॅक्सपीसी या उपकरणांसाठी हे काम मुख्यतः मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पुण्याचे आयुका यांच्याशी संबंधित गटांनी केले.



सीझेडटीआय : कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ६४ डिटेक्टर, प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे एकूण १६,३८४. प्रत्येक पिक्सेलचा गेन (ऊर्जेच्या तुलनेत स्पंदाची उंची) वेगळा आणि तो तापमानानुसार सरकतो. त्यामुळे उड्डाणापूर्वी किरणोत्सारी स्रोतांच्या ज्ञात रेषा वेगवेगळ्या तापमानांना मोजून पिक्सेलवार तक्ते तयार झाले. कक्षेतील पडताळणीसाठी उपकरणाच्या प्रत्येक चतुर्थांशात किरणोत्सारी अमेरिशियम-२४१ आहे. त्याचा अणू अल्फा कण आणि ५९.५ केईव्हीचा (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) फोटॉन जवळजवळ एकाच क्षणी सोडतो. अल्फा कण शेजारच्या सीझियम आयोडाइड स्फटिकात पकडला जातो; त्याच क्षणी डिटेक्टरवर आलेल्या फोटॉनवर खूण होते. आकाशातून आलेले आणि स्रोतातून आलेले फोटॉन असे वेगळे करता येतात, म्हणून निरीक्षण न थांबवता मोजपट्टी तपासता येते. या रचनेचे महत्त्व फार मोठे आहे. १०० केईव्हीच्या वरच्या ध्रुवीकरणाच्या मापनात फोटॉन एका पिक्सेलमध्ये विखुरतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. पहिल्या पिक्सेलमध्ये फारच थोडी ऊर्जा उरते. तिथली खालची मर्यादा अचूक ठाऊक नसेल तर अशा जोड्या निसटतात. खेकडा तेजोमेघातील स्पंदकाचे याच पद्धतीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

एसएक्सटी : पल्ला ०.३ ते ८ केईव्ही. थंड ठेवलेल्या सीसीडीच्या चार कोपऱ्यांत लोह-५५ चे स्रोत असून त्यांची मुख्य रेषा ५.९ केईव्हीची आहे. लोह-५५ चे अर्धायुष्य सुमारे २.७ वर्षे असल्याने दहा वर्षांत स्रोताची तीव्रता दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. टायकोसारख्या अधिनवताऱ्यांच्या अवशेषांतील रेषांचा आधार म्हणूनच मोलाचा ठरतो.

लॅक्सपीसी : झेनॉन वायूने भरलेले तीन गणक, पल्ला ३ ते ८० केईव्ही. वायूची घनता बदलली की गेनही बदलतो. तिसऱ्या गणकातून वायू झिरपत असल्याने त्याच्यासाठी घनतेनुसार वेगवेगळे प्रतिसाद-तक्ते करावे लागले. मार्च २०१८ मध्ये तो बंद करण्यात आला.

परस्पर-तुलना : प्रमाण स्रोत म्हणून बहुधा खेकडा तेजोमेघ घेतात. उपकरणांच्या मापांत थोडा फरक राहतो; विश्लेषणात त्यासाठी सापेक्ष गुणक मोकळा ठेवण्याची प्रथा आहे.

वापर : जुन्या निरीक्षणांचे विश्लेषण करताना त्या काळाला लागू असलेलाच तक्ता घ्यावा. चुकीच्या तक्त्याने रेषेची जागा सरकते, आणि उपकरणातला बदल ताऱ्यातला बदल समजला जाण्याचा धोका असतो.