छायाचित्रातला मजकूर इसम

पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेली कुलुपे, दांडी तुटलेले चष्मे आणि कोणत्याही कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या ढिगाशेजारी पुठ्ठ्यावर डकवलेले एक छायाचित्र मला काही वर्षांपूर्वी मिळाले. विकणाऱ्याने, किंमत चढावी म्हणून असेल किंवा त्याची खरोखरच तशी समजूत असेल, "आपलाच माणूस आहे साहेब, पहिल्या लढाईत विमान उडवायचा," असे छातीठोकपणे सांगून ते माझ्या हाती दिले. वेताच्या खुर्चीत बसलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, सावळा, धारदार नाकाचा आणि विलक्षण फिकट डोळ्यांचा तो तरुण. डोक्यावर एका कानाकडे कललेली होडीच्या आकाराची टोपी. अंगात छातीवरून तिरका दुमडून घेतलेला, एकही बटण बाहेर न दिसणारा लष्करी कोट. आणि डाव्या छातीवर भरतकामाचा पंख. स्टुडिओचे नाव ज्या खालच्या पट्टीवर छापलेले असते ती पट्टी कोणी तरी, बहुधा चौकटीत बसवण्यासाठी, कात्रीने उतरवली होती. पाठीमागे अक्षर नव्हते. मी घासाघीस न करता पैसे दिले, यावरून माझी त्या क्षणीची मनःस्थिती वाचकांच्या लक्षात येईल.

कारण माझ्या मनात एक नाव आधीच उभे राहिले होते. 1914 ते 1918 च्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात वैमानिक म्हणून लढलेल्या हिंदी तरुणांची नावे सांगायची झाली, तर बहुधा चारच सांगितली जातात. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय, ज्याने जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळवले आणि जो त्याच महिन्याच्या 22 तारखेला, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. रावळपिंडीचा हरदितसिंग मलिक, ज्याला फ्रेंच आपल्या विमानदलात घ्यायला निघाले तेव्हा ऑक्सफर्डमधील त्याच्या गुरूने इंग्रजी विमानदलाच्या जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिल्यावरच 1917 साली इंग्रजी दलाची सनद मिळाली, आणि ज्याने पगडी न उतरवता तिच्यावर बसेल एवढे मोठे शिरस्त्राण करवून घेतले. 1917 च्या सप्टेंबरात जर्मनांच्या कैदेत सापडलेला एरॉल सेन. आणि चौथा, मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून बाहेर पडलेला हा तरुण तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन जातीचे एकासनी लढाऊ विमान चालवीत असे. 1918 च्या जूनअखेर तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागून 30 जून रोजी तो वारला. जर्मनांनी त्याला रीतीप्रमाणे पुरले, पण क्रुसावर नाव लिहिताना 'वेलिंगकर'चे 'वुमकर' केले आणि वर 'ओबरलॉयटनंट' हा आपल्या पलटणीतला हुद्दाही बहाल केला. परिणामी युद्ध संपून गेल्यावरही हा मुंबईकर काही काळ कागदोपत्री बेपत्ताच राहिला. आपल्या पूर्वजांनी एल्फिन्स्टनचे 'अल्पिष्टन' केले होते त्याची ही परतफेड म्हणावी, तर ती चुकीच्या माणसावर झाली. आज त्याची कबर सोम परगण्यातील हांगार येथील लष्करी दफनभूमीत, त्याच्या खऱ्या नावानिशी आहे.

तेव्हा एक मराठी वैमानिक, पुण्याचा बाजार आणि छातीवर पंख एवढी जुळवाजुळव झाल्यावर निर्णय झालाच, असे मला वाटले. फिकट डोळ्यांवरून तर मी त्या इसमाला घाऱ्या डोळ्यांचा कोकणस्थ ठरवून त्याचे गाव शोधायलाही निघालो होतो, आणि वेलिंगकर हे आडनाव त्या तर्कात बसत नाही याची पर्वाही केली नव्हती. पण ज्याने मोडी कागद हाताळले आहेत त्याला एक सवय जडलेली असते, आणि ती अशा वेळी खोडा घालते. जुन्या पत्राच्या अखेरीस मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो आणि सालाचा पत्ता नसतो. तेव्हा पत्रात आलेल्या स्वाऱ्या, मुक्काम, लग्ने व मृत्यू यांची रुजुवात घालून साल ठरवावे लागते, आणि राजवाड्यांसारख्या धुरंधराने बसवलेली काही सालेही पुढील संशोधकांना हलवावी लागली. पत्र कोणी लिहिले, हे त्या कामात अखेरीस ठरते. आधी ते केव्हाचे असू शकत नाही, हे ठरते. छायाचित्रालाही हाच न्याय लावणे प्राप्त होते.

म्हणून भिंग घेतले आणि चेहरा हाताने झाकून बाकीचे पाहू लागलो. कोट रॉयल फ्लाइंग कोअरचा होता यात संशय नव्हता. बाराबंदीसारखा एक पदर दुसऱ्यावर घेऊन आत बंद होणारा तो अंगरखा त्या दलाची खूणच होती, आणि फौजेतले टवाळ त्याला गर्भवतीचा कोट म्हणत. 1 एप्रिल 1918 रोजी हे दल व आरमाराचे विमानदल एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स जन्मास आला, तरी पुष्कळ अधिकारी जुने कपडे झिजेपर्यंत वापरीत होते; सबब कोटावरून साल ठरत नाही. पंखाचे मात्र तसे नव्हते. वैमानिकाच्या छातीवर दोन पंख असतात, मध्ये पर्णमाला, तीत दलाची आद्याक्षरे आणि वर राजमुकुट. माझ्या चित्रात दुसरा पंख कोटाच्या दुमडीच्या सावलीत गेला असेल असे मी सोयिस्करपणे गृहीत धरले होते. भिंगाखाली ती सावली नव्हती. तेथे 'ओ' हे इंग्रजी अक्षर होते आणि पंख त्यातून एकच निघाला होता. हे चिन्ह निरीक्षकाचे, 1915 साली सुरू झालेले. निरीक्षक म्हणजे विमान न चालवता टेहळणी करणारा, छायाचित्रे घेणारा आणि प्रसंगी मशीनगन चालवणारा दुसरा गडी. एकासनी डॉल्फिनमध्ये त्याला जागाच नव्हती.

पंखाखाली तीन फितींची ओळ होती, आणि खरा खटला तिने निकालात काढला. पण तिची जबानी समजण्यापूर्वी त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा रंग कसे पाहत, हे सांगणे अवश्य आहे. पहिल्या युद्धाच्या सुमारास स्टुडिओत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा फार दिसे. म्हणून निळे आकाश पांढरे पडे, आणि तांबडे, नारिंगी, पिवळसर ते सारे काळवंडून येई. पहिली फीत मध्ये काळपट व काठाशी बारीक रेघांची, दुसरी मधोमध गडद व दोन्ही अंगांनी उजळत गेलेली. या काळ्या-करड्या भाषेचे रंगांत भाषांतर केले की पहिली ब्रिटिश युद्धपदकाची निघते, जिचा मधला पट्टा नारिंगी. आणि दुसरी विजयपदकाची, इंद्रधनुष्याची, जिच्या मध्यावर तांबडा. ही दोन्ही पदके 1919 च्या जुलै ते सप्टेंबर या अवधीत जाहीर झाली. 30 जून 1918 रोजी निवर्तलेल्या माणसाला ती छातीवर लावून खुर्चीत बसता येत नाही.

तिसरी फीत दोन्ही बाजूंना गडद, मध्ये फिकट. हिरव्या पट्ट्यांमध्ये निळा पट्टा असलेली ही 1908 ची इंडिया जनरल सर्व्हिस पदकाची फीत. ती महायुद्धाच्या फितींच्या नंतर लावली आहे, याला महत्त्व आहे. कारण मोहिमांची पदके काळाच्या क्रमाने लावतात, आणि महायुद्धापूर्वीच्या एखाद्या सरहद्दीवरील स्वारीबद्दल ती मिळाली असती तर पहिल्या जागी आली असती. म्हणजे हा इसम महायुद्ध आटोपल्यावर वायव्य सरहद्दीवर होता. 1919 च्या मे महिन्यात अमीर अमानुल्लाशी तिसरे अफगाण युद्ध जुंपले, तेव्हा एकतिसाव्या व एकशे चौदाव्या स्क्वाड्रनांची जुनाट बी. ई. विमाने तेथे होती. त्यांत निरीक्षक पुढच्या आसनावर, दोन्ही पंखांमधल्या तारा आणि दांड्यांच्या जाळ्यात कोंडलेला असे, आणि दऱ्यांतून जाताना डोंगरमाथ्यावरचे पठाण त्याच्यावर वरून गोळ्या झाडीत. त्याच महिन्याच्या 24 तारखेला रिसालपूरहून उडालेल्या एकुलत्या एका हँडली पेज विमानाने काबूलवर बाँब टाकले, त्याचा बोभाटा फार झाला. तारांच्या जाळ्यात बसणाऱ्यांचा झाला नाही.

आता चेहऱ्यावरचा हात काढला. ज्या काचेने नारिंगी पट्टा काळा केला, तिनेच उन्हाने तांबूस झालेली गोरी कातडी सावळी केली होती, आणि ज्या काचेने निळा पट्टा फिकट केला, तिनेच निळ्या डोळ्यांची घारी बुबुळे केली होती. मी ज्याला कोकणात नेऊन बसवले तो सरहद्दीच्या उन्हात होरपळलेला एक इंग्रज होता. मोगलांच्या लष्करात प्रत्येक स्वाराचा 'चेहरा' लिहून ठेवीत, रंग, नाक, भुवया, व्रण यांच्या तपशिलासकट, ज्यावरून हजेरीच्या वेळी बदली माणूस उभा केला तर पकडता यावा. आपला 'चेहरेपट्टी' हा शब्द त्याच कुळीचा आहे. त्या कारकुनांनीही घोड्याला मात्र डाग द्यायची तजवीज करून ठेवली होती.

छायाचित्र मी टाकले नाही. पातळ कागदात गुंडाळून पाकिटात घातले आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिले: "निरीक्षक, रॉयल एअर फोर्स. 1919 च्या पावसाळ्यानंतर. इंग्रज." मग थोडे थांबून त्याखाली दुसरी ओळ घातली, "वेलिंगकर नव्हे", कारण माझ्या पश्चात हे पाकीट पुन्हा जुन्या बाजारात जाईल, आणि त्या वेळी ते हातात घेणारा माणूसही मराठीच असण्याचा संभव आहे.