बॉम्ब फुटून गेल्यावरची उलटी मोजणी

पोलीस कोठडीतल्या छळाचं समर्थन करणाऱ्यांचा हुकमी एक्का एकच असतो. शहरात बॉम्ब लावलाय, घड्याळ चालू आहे आणि ठिकाण ठाऊक असलेला माणूस समोर बसलाय. आता काय, त्याला चहा पाजायचा? घाटकोपर प्रकरणात घड्याळ खरोखर कुणाचं चालू होतं, ते पाहू.

2 डिसेंबर 2002. सुमारे 840 तास उरले.
घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट. दोन ठार, अनेक जखमी. बाबरी मशीद पाडल्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस उरलेत. पोलिसांवर दबाव येणारच, आणि तो रास्तच आहे.

6 डिसेंबर. सुमारे 744 तास.
मुंबई सेंट्रलला दुसरा स्फोट, पुन्हा जखमी. लोकलमध्ये प्रवासी सीटखाली वाकून बघायला लागलेत. ‘चौदावं रत्न दाखवलं की पोपटासारखे बोलतात,’ हे वाक्य अशा दिवसांत कुणालाच खटकत नाही. तपासासाठी हाताशी नवा कोरा दहशतवादविरोधी कायदा आहे: पोटा. एरवी पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. पोटाखाली मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब चालतो. आरोपीला बोलतं करण्याचा भाव अचानक वधारलाय.

25 डिसेंबर. सुमारे 288 तास.
ख्वाजा युनूस पोलिसांच्या ताब्यात. वय 27, मूळ परभणीचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. घाटकोपरचा स्फोट होऊन 23 दिवस झालेत.

इथे तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम 81 उघडून बघायला हवं, कारण गरजेचा बचाव तिथे होता. मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. संहितेतलं उदाहरण जहाजाच्या कप्तानाचं आहे. अचानक, स्वतःची चूक नसताना, त्याच्यापुढे वीस-तीस प्रवाशांची होडी येते. वळावं, तर दोघांच्या होडीला धोका. ती कदाचित वाचेलही. तो वळतो. त्या दोघांना बुडवावं असं त्याच्या मनात नसतं, आणि विचार करायला क्षणभरच मिळतो. कोठडीत पट्टा उचलणाऱ्याकडे यातलं काय असतं? इजा करणं हाच तिथे उपाय असतो आणि वेळ दिवसांनी मोजली जाते. त्याच संहितेचं कलम 330 नेमकं याच कृत्यासाठी होतं: कबुली काढण्यासाठी दुखापत केली, तर सात वर्षांपर्यंत कैद.

घड्याळ खरंच चालू असेल तर? घाटकोपरच्या स्फोटाच्या दोनच महिने आधी, 1 ऑक्टोबरला, फ्रँकफर्टचे पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी अपहरणकर्त्याला वेदनांची धमकी द्यायला लावली. अकरा वर्षांचा मुलगा वाचावा हाच हेतू होता. आरोपी बोलला, पण मुलगा आधीच मेला होता. न्यायालयाने डाश्नर यांचा हेतू समजून घेतला, शिक्षा नाममात्र ठेवली, पण दोषी ठरवलंच.

26 डिसेंबर. सुमारे 264 तास.
राज्यघटनेचं कलम 22 सांगतं, अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. डी. के. बसू निकालाने 1996 मध्ये अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर आणि दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणीची सक्ती केली. नियमांची वानवा नव्हती.

6 जानेवारी 2003. शेवटचे तास.
सहआरोपी असलेल्या एका डॉक्टरच्या साक्षीनुसार, युनूसचे कपडे उतरवून त्याच्या छातीवर, पोटावर पट्ट्याने मारलं जात होतं. त्याला रक्ताची उलटी झाली. त्यानंतर तो डॉक्टरला दिसला नाही.

7 जानेवारी. शून्य.
सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांची पारनेर ठाण्यात फिर्याद: तपासासाठी औरंगाबादला नेताना जीप अपघातात सापडली आणि आरोपी पळाला. पुढे सीआयडीला ही पळाल्याची गोष्ट बनावट वाटली. मृतदेह कधीच मिळाला नाही. त्यामुळे शवविच्छेदन नाही, मृत्यूची वेळही नाही.

शून्यानंतर.
27 जानेवारीला विलेपार्ल्यात स्फोट. 13 मार्चला मुलुंड स्टेशनात लोकलमध्ये, दहाहून अधिक ठार. 28 जुलैला पुन्हा घाटकोपर. 25 ऑगस्टला गेटवे आणि झवेरी बाजार, पन्नासहून अधिक बळी. म्हणजे पुढचे बॉम्ब खरे होते, भीतीही खरी होती. कोठडीतल्या मारातून मात्र त्यातला एकही थांबला नाही. 2005 मध्ये पोटा न्यायालयाने घाटकोपर खटल्यातले आठही आरोपी निर्दोष सोडले. 2 डिसेंबरच्या दोन मृतांनाही न्याय मिळाला नाही.

सीआयडीने 14 पोलिसांकडे बोट दाखवलं. सरकारने खटल्याला परवानगी दिली चौघांपुरती. चौघांनाही आरोप अमान्य आहेत. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने युनूसच्या आईला 20 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. डॉक्टरची साक्ष व्हायला 2018 उजाडलं. साक्षीत नावं आलेल्या आणखी चार पोलिसांना आरोपी करा, असा अर्ज देणारे विशेष सरकारी वकील त्याच वर्षी हटवले गेले. 2004 पासून निलंबित असलेले वाझे जून 2020 मध्ये सेवेत परतले. 2021 मध्ये अँटिलियाजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणानंतर त्यांना बडतर्फ करण्यात आलं.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये घालून दिलेली रेघ इथे कामाची आहे. एखाद्या अधिकाऱ्याने छळ केलाच, तर खटल्यात उभं राहून गरजेचा बचाव मांडावा. आधीच मिळालेला परवाना म्हणून तो वापरता येणार नाही. हा बचाव मांडायचा, तर आधी म्हणावं लागतं, ‘होय, मी मारलं, कारण...’ घाटकोपर प्रकरणात हे वाक्य कुणीच उच्चारलं नाही. पुढे आली ती अपघाताची आणि पळाल्याची फिर्याद. गरज खरी असती, तर ती पारनेरच्या ठाण्यात लपवावी लागली नसती. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997 मध्ये सही केली. त्याला मान्यता देऊन स्वतंत्र कायदा करणं आजवर राहून गेलंय. तेवढं झालं, तर पुढच्या वेळी ‘गरज होती’ म्हणणाऱ्याला निदान ते न्यायालयासमोर, शपथेवर म्हणावं लागेल.