मुळशीची वीज आणि जुन्या मोटारीचा मोबदला

जुनी मोटार मोडींत काढावी, तिच्या जागीं विजेवर चालणारी नवी मोटार घ्यावी आणि या बदलाच्या खर्चापैकीं कांहीं भार सरकारनें उचलावा, ही योजना आतां आपल्याकडे अनोळखी राहिलेली नाहीं. पुण्याहून पिरंगुटमार्गें लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेमघरचा घाट एखादी मोटार आवाज न करतां चढूं लागली, कीं ती विजेची हें लहान मूलहि ओळखतें. परंतु अशा मोटारीच्या किंमतींत मालकाच्या पैशाबरोबर सर्व जनतेचाहि पैसा मिसळलेला असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जुनें यंत्र टाकून नवें घेण्यास सरकारनें उत्तेजन द्यावें, हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. आणि त्याचा इतिहास पाहावयाचा तर लवासा ज्या तालुक्यांत वसलें आहे, त्या मुळशी तालुक्याइतकें बोलकें ठिकाण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. तो इतिहास थोडक्यांत सांगावा आणि त्यांतून आजच्या मोटारवाल्यास व करदात्यास घेण्यासारखें काय आहे तें पाहावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम वाहनांचीच गोष्ट घेऊं. मुंबईंत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. घोड्यास दाणा-वैरण लागे, तबेला लागे, आणि उन्हाच्या दिवसांत तो लौकर थके. तेहतीस वर्षांनीं, ७ मे १९०७ रोजीं, विजेची ट्राम रस्त्यावर आली आणि घोड्यांची सुटका झाली. त्या काळीं युरोप-अमेरिकेंत विजेच्या मोटारीहि धांवत होत्या. १८९९ सालीं जेनात्झी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें आपली विजेची मोटार ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगानें हांकून दाखविली. तोंवर कोणत्याहि मोटारीनें हा टप्पा गांठलेला नव्हता. पुढें मात्र पेट्रोल मुबलक झालें, १९१२ पासून हँडल न मारतां इंजिन सुरू करण्याची सोय आली, फोर्डच्या कारखान्यानें पेट्रोलची मोटार सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आणली, आणि विजेची मोटार मागें पडली. तिच्या पाठीशीं ना सरकार होतें, ना गांवोगांव वीज. यंत्र चांगलें असलें तरी तेवढ्यानें तें टिकत नाहीं. त्यास इंधनाची, बाजाराची आणि राज्यकर्त्यांच्या धोरणाची जोड लागते.

ही जोड कशी मिळते, तें मुंबईच्या गिरण्यांच्या उदाहरणानें समजेल. गिरण्या त्या वेळीं दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा बंगालसारख्या दूरच्या मुलखांतून यावयाचा, वाहतूक महाग पडावयाची, आणि गिरणगांवावर धुराचें छत्र कायमचेंच. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर दरसाल प्रचंड पाऊस पडून त्याचें पाणी पूर्वेस वाहून जाई. तें अडवून पश्चिमेच्या कड्यावरून कोंकणांत सोडलें तर त्याच्या जोरावर वीज निर्माण होईल, ही कल्पना टाटांनीं उचलली. १९१० सालीं त्यासाठीं कंपनी स्थापन झाली आणि १९१५ सालीं खोपोलीच्या केंद्राची वीज मुंबईस मिळूं लागली. १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा येथील केंद्रें सुरू झालीं. भिऱ्यास जें पाणी जातें, तें मुळशीच्या धरणाचें. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यांत सांठलेलें हें पाणी बोगद्यांतून सुमारें ५०० मीटर खालीं उतरतें आणि तेथील चक्रें फिरवितें.

आज आपण ज्यास प्रोत्साहन म्हणतों, तें त्या काळीं रोख रकमेनें दिलें गेलें नाहीं. तें कायद्याच्या रूपानें दिलें गेलें. १८९४ च्या जमीन-संपादन कायद्याच्या आधारें सरकारनें कंपनीकरितां शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचें ठरविलें. मुळशीचें खोरें म्हणजे आंबेमोहोर भाताचें आगर. तेथील पन्नासच्या आसपास गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे आदि मंडळी त्यांच्या पुढें होतीं. शिवरामपंत परांजपे यांसहि या चळवळींत कारावास घडला. बापटांस ‘सेनापति’ ही पदवी जनतेनें दिली ती याच लढ्यामुळें. लढा १९२४ च्या अखेरपर्यंत चालला. परंतु शेवटीं धरण उभें राहिलें आणि शेतें बुडालीं.

या लढ्यांतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांकडे होते आणि नांगर मात्र मावळ्यांच्या हातीं होता. मोबदला कागद पाहून ठरतो. त्यामुळें पैसा मिळाला तर बरेंच झालें, असें म्हणणारा सावकार आणि जमीनच हवी, असें म्हणणारा कसणारा, असे दोन पक्ष एकाच खोऱ्यांत उभे राहिले. गिरणीवाल्यास स्वस्त शक्ति मिळाली, कागदवाल्यास रोख रक्कम मिळाली. पण ज्याचें सारें जीवन त्या मातींत होतें, त्यास त्या मोलाचें कांहीं मिळालें नाहीं. सार्वजनिक लाभासाठीं दिलेलें उत्तेजन कोणाच्या हातीं पडलें आणि त्याचें ओझें कोणाच्या डोक्यावर बसलें, हा प्रश्न तेव्हां प्रथम इतक्या उघडपणें विचारला गेला.

विजेचा प्रवास तेथेंच थांबला नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईस बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडी सुरू झाली, आणि पांच वर्षांच्या आंत बोरघाट ओलांडून ती वीज पुण्यास पोहोंचली. १ जून १९३० रोजीं ‘दख्खनची राणी’ धांवूं लागली. रस्त्यावर मात्र पेट्रोलचेंच राज्य राहिलें. त्यास एकदां धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धांत. पेट्रोलवर रेशन आलें, तेव्हां लोणारी कोळशाचा गॅस करणारीं मोठालीं पिंपें बसगाड्यांस व मालमोटारींस जोडलीं गेलीं, आणि सरकारनेंहि त्यास चालना दिली. युद्ध संपलें, पेट्रोल मिळूं लागलें, आणि तीं पिंपें भंगारांत गेलीं. केवळ टंचाईमुळें झालेला बदल टंचाईबरोबरच सरतो, हें त्यावरून दिसून येतें.

मुळशी तालुक्यानें सरकारी उत्तेजनाचा दुसरा मोठा प्रयोग पाहिला तो लवासाचा. गिरिस्थानांच्या धर्तीवर नवीं नगरें वसविण्यासाठीं राज्य सरकारनें १९९६ सालीं विशेष नियम केले, आणि २००१ सालीं वरसगांव धरणाच्या कांठचा, मोसे खोऱ्यांतील १८ गांवांचा मुलूख त्यांखालीं आणला. दासवें येथें इमारती उठल्या, रस्ते झाले, तळ्याकांठीं रंगीबेरंगी घरांची रांग उभी राहिली. जमिनींच्या व्यवहारांविषयीं स्थानिक शेतकऱ्यांनीं व कातकऱ्यांनीं तक्रारी मांडल्या. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविलें, पुढील नोव्हेंबरांत अटी घालून परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०१८ मध्यें कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं गेली. घरें घेणारे, जमिनी दिलेले आणि कर्जें दिलेले, असे सारेच त्यानंतर निवाड्याची वाट पाहत राहिले. उत्तेजन देऊन आरंभ करतां येतो; शेवटाची हमी मात्र त्यांत नसते.

आतां तिसऱ्या प्रयोगाकडे, म्हणजे विजेच्या मोटारीकडे वळूं. केंद्र सरकारची ‘फेम’ योजना १ एप्रिल २०१५ रोजीं सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १०,००० कोटि रुपयांचा होता; तो १ एप्रिल २०१९ रोजीं सुरू होऊन ३१ मार्च २०२४ रोजीं संपला. १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही १०,९०० कोटींची योजना आली. येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी: ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्यांत किंवा ‘ई-ड्राइव्ह’मध्यें घरच्या वापराच्या खाजगी मोटारीस रोख अनुदान नाहीं. दुचाकी, तीनचाकी, बसगाड्या अशा वाहनांकडे तो पैसा वळविला आहे. खाजगी मोटारीस केंद्राकडून जें मिळालें तें करांत. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाकांठीं दीड लाख रुपयांपर्यंत आयकरांत सूट होती. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

महाराष्ट्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें आपलें स्वतंत्र धोरण जाहीर केलें आणि त्यांत जुनें वाहन मोडींत देणाऱ्यासाठींहि वेगळें उत्तेजन ठेविलें. त्यानंतरच्या धोरणास मंत्रिमंडळानें २९ एप्रिल २०२५ रोजीं मंजुरी दिली. त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत असून त्यासाठीं १,९९३ कोटि रुपयांची तरतूद आहे. खाजगी मोटारीच्या मूळ किंमतीवर १० टक्के सवलत, तीहि ठराविक संख्येपुरती. मोटार वाहन कराची माफी. आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, समृद्धि महामार्ग व अटल सेतु येथें टोलमाफी, अशीं त्याचीं मुख्य कलमें आहेत. अटल सेतूवर ही माफी २२ ऑगस्ट २०२५ पासून अमलांत आली.

मोडीचें धोरण याहून निराळें आहे. १३ ऑगस्ट २०२१ रोजीं केंद्रानें तें जाहीर केलें. जुनी गाडी नोंदलेल्या मोडकेंद्रांत द्यावी, तेथें ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ नांवाचा दाखला घ्यावा, आर.टी.ओ.च्या दप्तरांतून गाडीचें नांव कमी करवावें, आणि नव्या गाडीच्या वेळीं तो दाखला दाखवावा, अशी रीत आहे. दाखल्यावर नोंदणी शुल्क माफ होतें, खाजगी वाहनास रस्ता करांत २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांस आहे, आणि उत्पादकांनींहि कांहीं सूट द्यावी असा सल्ला आहे. परंतु साधी आकडेमोड करून पाहा. विजेच्या मोटारीस नोंदणी शुल्क आधींच माफ आहे, आणि महाराष्ट्रांत करहि माफ आहे. शून्याची पंचवीस टक्के सूट शून्यच! म्हणजे विजेची मोटार घेणाऱ्याच्या दृष्टीनें त्या दाखल्याची किंमत भंगाराचा भाव आणि विक्रेता जी सूट देईल ती, एवढीच उरते. दोन्ही धोरणांच्या जाहिराती एकत्र वाचून दुहेरी लाभाची आशा धरणाऱ्यानें हा हिशेब सौदा करण्यापूर्वींच करावा.

यंत्राच्या गुणाविषयीं मात्र शंका घेण्याचें कारण नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनांतील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोंचतो. विजेच्या मोटारींत बॅटरींतील शक्तीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कामीं येतो. टेमघरचा घाट उतरतांना पेट्रोलची गाडी ब्रेक तापवून शक्ति वाया घालविते, तर विजेची गाडी तींतील कांहीं शक्ति परत बॅटरींत भरून घेते. पुण्याच्या चौकांतला धूरहि तिच्यामुळें तेवढा कमी होतो.

तो धूर नाहींसा होतो कीं दुसरीकडे जातो, हें मात्र विचारलें पाहिजे. आपल्या देशांतील निम्म्याहून किती तरी अधिक वीज अद्याप कोळशापासून निघते. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचें आहे, आणि त्याच्या धुराच्या व राखेच्या छायेंत हजारों कुटुंबें राहतात. शंभर वर्षांपूर्वीं गिरणगांवचा धूर कमी झाला त्याची किंमत मुळशीच्या शेतांनीं दिली. आज पुण्याची हवा कांहींशी निवळते, तिची किंमत चंद्रपूरकडे पडते. सूर्य व वारा यांची वीज जसजशी वाढेल तसतसें हें ओझें हलकें होईल. तोंवर तें कोणाच्या खांद्यावर आहे याचें विस्मरण होऊं नये.

दुसरा प्रश्न उत्तेजन कोणास मिळतें हा. ज्याच्या दारांत जुनी मोटार आहे आणि नवीस पैसे आहेत, त्यासच या सवलतींचा लाभ. ज्याच्यापाशीं मोडींत देण्यासारखें कांहींच नाहीं तो एस.टी.च्या थांब्यावर उभा असतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली, आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं विजेची ‘शिवाई’ सुरू झाली. अशा एका गाडींत चाळीसेक माणसें बसतात आणि ती दिवसभर रस्त्यावर असते. सार्वजनिक पैशाचा एक रुपया तेथें खर्चिला तर तो अधिक हातांपर्यंत पोहोंचतो, हें सांगावयास अर्थशास्त्री नको.

तेव्हां, श्रोतेहो, ज्याची जुनी गाडी फार धूर ओकते आणि जो रोज लांबचा प्रवास करतो, त्यानें सवलत घेऊन विजेची मोटार अवश्य घ्यावी. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याची गाडी सुस्थितींत आहे आणि महिन्यांतून दोनचार वेळांच दाराबाहेर पडते, त्यानें घाई करूं नये. कारण नवी मोटार व तिची बॅटरी घडवितांनाहि पुष्कळ शक्ति खर्ची पडतेच. आणि धोरणें ठरविणाऱ्यांनीं मुळशीचा धडा जवळ ठेवावा. तेथें वीज खरोखरच आली, लक्षावधि लोकांस तिचा उपयोग झाला, आणि तो आजहि होत आहे. तरीहि ज्यांच्या शेतांवरून ती आली त्यांचा हिशेब कागद पाहून केला गेला, माणूस पाहून केला गेला नाहीं. या वेळीं तो हिशेब आधीं व्हावा, एवढेंच मागणें आहे.