मूर्त, मूर्च्छा आणि वेताचं कवच

‘काही कळलं नाही’ असं म्हणायचं नसलं की चित्रप्रदर्शनात ‘अमूर्त’ हा शब्द हमखास उपयोगी पडतो. ‘ॲबस्ट्रॅक्ट’च्या जागी आपण तो बसवला खरा, पण दोघांचं कूळ निराळं. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ ओढून बाजूला काढणं. म्हणजे वस्तू आधी हवीच. ‘मूर्त’ आला ‘मूर्छ्’ धातूपासून. धातुपाठ त्याचे दोन अर्थ देतो: मोह आणि समुच्छ्राय, म्हणजे भान हरपणं आणि वाढून वर येणं. थिजणं, घट्ट होणं हीही त्याचीच छटा. एकाच धातूच्या पोटी मूर्ती आणि मूर्च्छा! त्या हिशेबानं अमूर्त म्हणजे अजून न विरजलेलं दूध. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ हे बिरुद मान्य नव्हतं, ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. ‘अमूर्त’वर त्यांनी रागवावं असं त्या शब्दात मला तरी काही दिसत नाही.

‘शरीर’ची तऱ्हा आणखी मजेशीर. परंपरागत व्युत्पत्ती ‘शॄ’ धातूची: झिजतं, ते शरीर. बौद्ध परिभाषेत मात्र शरीर म्हणजे दहनानंतर उरलेल्या अस्थी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. आत चैत्यगृहात नाक-डोळे नसलेला स्तूप. आजचा समीक्षक स्तूपाला अमूर्त ठरवून मोकळा होईल. पण ‘शरीर’ ठेवायची परंपरा स्तूपाचीच, बाहेरच्या धिप्पाड मूर्तींची नव्हे.

मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांनी २०१२मध्ये ‘ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस’ या प्रदर्शनात वेतानं विणलेली चिलखतं मांडली. ती स्वतः अंगावर चढवून त्या शहरातल्या सार्वजनिक जागी उभ्या राहिल्या, छायाचित्रं काढून घेतली. रक्षण करणारा वेत कोंडतोही. आपल्याकडे ‘कवच’ हा स्तोत्राचाही प्रकार आहे. तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा त्याच घाटाची: डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली. कुलकर्णींच्या कवचात देव नाही. बाईला स्वतःलाच आत शिरावं लागतं, आणि शिरताच ती रस्त्यावरच्यांना परकी होते.

‘पर’ला ‘क’ लागून ‘परका’. त्याच ‘पर’चा ‘परकायाप्रवेश’ नटांच्या मुलाखतींत घासून गुळगुळीत झालाय. मला त्याहून ‘अंगात येणं’ खरं वाटतं. परकायाप्रवेशात जाणारा कोण ते ठाऊक असतं. अंगात आलं की मात्र समोरच्यांना विचारावं लागतं, ‘कोण आलंय?’