आयरेसिंगमधील नियम व शिस्त

आयरेसिंग ही संगणकावर खेळल्या जाणाऱ्या आभासी मोटार शर्यतींची अमेरिकी ऑनलाइन सेवा आहे. डेव्ह केमर व जॉन डब्ल्यू. हेन्री यांनी २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात तिची कंपनी स्थापन केली. २००८ मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली. वर्गणी भरून सदस्य झालेले स्पर्धक आपापल्या घरून एकाच शर्यतीत उतरतात. टोपणनावाऐवजी खऱ्या नावाने खेळणे हा येथील सर्वसाधारण नियम असून या सेवेचे शिस्तीविषयीचे धोरण त्यावरूनच लक्षात येते.

घटनागुण

शर्यत चालू असताना प्रत्येक चुकीची नोंद संगणकप्रणाली आपोआप घेते. ट्रॅक सोडून बाहेर गेल्यास १, गाडीवरील ताबा सुटल्यास किंवा ती भिंतीवर आदळल्यास २, तर दुसऱ्या गाडीशी जोरदार टक्कर झाल्यास ४ गुण नावावर चढतात (मातीच्या ट्रॅकवर टकरीचे गुण कमी असतात). ओझरत्या स्पर्शाला गुण नाहीत. मालिकेनुसार ठरवलेली मर्यादा ओलांडणारा स्पर्धक बाद होऊ शकतो.

या पद्धतीत दोष कोणाचा हे पाहिले जात नाही. मागून येऊन धडकणारा आणि धडक खाणारा अशा दोघांनाही सारखेच गुण मिळतात. नवख्या सदस्याला हा उघड अन्याय वाटतो. तथापि टकरीचा जोर यंत्राला मोजता येतो, चालकाचा हेतू मोजता येत नाही. शिवाय बेभरवशाच्या चालकापासून अंतर राखणे हेही कौशल्यच मानले गेले आहे.

परवाने

पार केलेली वळणे आणि मिळालेले घटनागुण यांच्या प्रमाणावरून सुरक्षा गुणांकन ठरते. ते ०.०० ते ४.९९ या दरम्यान असते. त्यानुसार सदस्य ‘रूकी’ श्रेणीतून डी, सी, बी, ए अशा वरच्या परवान्यांकडे सरकतो किंवा खाली घसरतो. वेग व विजय यांचे मोजमाप ‘आयरेटिंग’ या स्वतंत्र अंकाने होते. त्यामुळे केवळ वेगवान, पण आडदांड चालकाला वरची श्रेणी मिळत नाही.

तक्रार व ग्राहकसेवा

मुद्दाम धडक देणे, सूड उगवणे किंवा शिवीगाळ करणे यांसाठी स्वतंत्र तक्रारव्यवस्था आहे. तक्रारदाराने शर्यतीच्या चित्रफितीसह घटनेचा तपशील पाठवायचा असतो. कंपनीचे कर्मचारी ती पाहून निर्णय देतात. ताकीद, काही काळ बंदी, प्रसंगी कायमची हकालपट्टी अशा शिक्षा होतात. दोषी व्यक्तीला नेमकी कोणती शिक्षा झाली, हे मात्र तक्रारदाराला सांगितले जात नाही. येथे तक्रारदार आणि आरोपी दोघेही कंपनीचे पैसे भरणारे ग्राहक असतात. गोपनीयतेमुळे आरोपीची अब्रू राखली जाते. तक्रारदाराचे समाधान होतेच असे नाही.

काइल लार्सन प्रकरण

एप्रिल २०२० मध्ये कोविड साथीमुळे प्रत्यक्ष शर्यती थांबल्या असताना नॅसकारचे चालक काइल लार्सन यांनी एका आभासी शर्यतीत ध्वनिवाहिनीवर वर्णद्वेषी शब्द उच्चारला. तो थेट प्रक्षेपणात ऐकू गेला. आयरेसिंगने व नॅसकारने त्यांना निलंबित केले आणि दोन दिवसांत चिप गनासी संघाने त्यांचा करार संपवला. घरी बसून खेळलेल्या शर्यतीतील वर्तनाने खऱ्या ट्रॅकवरील नोकरी गेल्याचे हे ठळक उदाहरण होय. नॅसकारने १ जानेवारी २०२१ पासून त्यांना पुन्हा प्रवेश दिला व त्याच वर्षी त्यांनी कप मालिकेचे विजेतेपद मिळवले.