धोंडशीर : एका दुखण्याचा इतिहास

गेल्या मार्गशीर्षात एका किल्ल्यावरचा शिलालेख पाहून उतरताना उजव्या टाचेच्या वर कळ आली. चार दिवसांत थांबेल असे वाटले. वर्ष होत आले, दुखणे आहेच. सकाळी पहिली दहा पावले भिंत धरून टाकावी लागतात. एका डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली, दुसऱ्यांनी नेमके उलट. माझे संशोधन म्हणजे पायी हिंडून वीरगळ आणि शिलालेख पाहणे. त्यामुळे हा प्रश्न जेवढा पायाचा, तेवढाच कामाचा. वैद्यकाचे शिक्षण माझे नाही. पण दोन साक्षी एकमेकींविरुद्ध गेल्या की मागे जाऊन पाहायचे, ही जुनी सवय आहे. ती इथे वापरली.

पोटरीचे स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या हाडाला ज्या जाड दोरीने बांधले जातात, ती ही कंडरा. माझी आजी तिला धोंडशीर म्हणे. शरीरातली ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरा मोजल्या आहेत, त्यांतल्या चार पायांतल्या. वाकडे पाऊल पडून घोट्याशी बसणाऱ्या वेदनेला तिथे ‘वातकंटक’ असे नाव आहे. काटा रुतावा तशी ती कळ असते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

पाश्चात्त्य वैद्यकात ही कंडरा अकिलीसच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या आईने त्याला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवले, म्हणून तेवढीच जागा दुबळी राहिली, ही कथा आपण शाळेत ऐकतो आणि होमरच्या खात्यावर मांडतो. ‘इलियड’मध्ये ती नाही. ते काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपते, अकिलीस तेव्हा जिवंत असतो. अकराव्या सर्गात पॅरिसचा बाण पावलात घुसतो खरा, पण ते पाऊल डायोमिडीसचे. नदीत बुडवल्याचा उल्लेख मिळतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे. आपल्या मौसलपर्वातही जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या तळपायालाच लागतो. थोरांचे मरण पायाशी ठेवण्याची ही कल्पना दोन्हीकडे आहे.

कंडरेला अकिलीसचे नाव देणारे पहिले ज्ञात पुस्तक 1693 सालचे, लूव्हेनच्या फिलिप व्हेरहेयेन यांचे शरीररचनाशास्त्र. ते शेतकऱ्याचे पुत्र. धर्मगुरू व्हायला निघाले होते, पण आजारात एक पाय कापावा लागला आणि ते वैद्यकाकडे वळले. आपला कापलेला पाय जपून ठेवून त्यांनी त्याचेच विच्छेदन केले, अशी हकीकत सर्वत्र वाचायला मिळते. ओल्गा टोकारचुक यांच्या ‘फ्लाइट्स’ या कादंबरीतही ती आली आहे. मात्र तिला समकालीन पुरावा नाही. पाय गेला हे खरे आणि पुस्तक खरे. बाकीचे कादंबरीत शोभते.

तरीही त्या दंतकथेत एक तथ्य आहे असे मला वाटते. या कंडरेचे ज्ञान बरेचसे पाय दुखणाऱ्यांनीच पुढे नेले आहे.

1767 साली लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांची ही कंडरा तुटली. नाचताना तुटली असे सांगतात. हंटर विद्यापीठाची पदवी नसलेले, हाताने काम करत शिकलेले. त्यांनी पाय बांधला, टाच उंच ठेवली आणि ते हिंडते राहिले. मग कुत्र्यांच्या कंडरा त्वचेखालून कापून, ठराविक दिवसांनी त्या उघडून त्यांनी पाहिल्या. हाड जुळते तशीच कंडराही जुळते, असे त्यांना दिसले. आज तो प्रयोग क्रूर वाटतो. पण कंडरा तुटली म्हणजे पाय कायमचा गेला, ही समजूत त्यामुळे ढिली झाली.

पुढचे नाव विल्यम जॉन लिटल. लहानपणच्या आजारात त्यांचे पाऊल वाकडे झाले होते. हानोव्हरचे स्ट्रोमायर ही कंडरा त्वचेखालून कापून पाऊल सरळ करत. 1836 मध्ये लिटल यांनी स्वतःवर ती शस्त्रक्रिया करून घेतली, तंत्र शिकून घेतले आणि लंडनला परतून इतरांचे पाय सरळ केले. आज आपल्या सरकारी रुग्णालयांत वाकड्या पावलांच्या बाळांना पोन्सेटी पद्धतीचे प्लास्टर घालतात. त्यांतल्या बहुतेकांची हीच कंडरा एका छोट्या छेदाने सैल करतात.

माझ्या दुखण्याचा उलगडा मात्र अलीकडचा. जुनाट दुखण्यातली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा दाहाच्या पेशी फारशा आढळल्या नाहीत. तिचे तंतूच विस्कटलेले होते. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2013 मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14चा माग काढला, तेव्हा कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर नवा होतच नाही असे दिसले. म्हणजे पन्नाशी ओलांडलेला मी शाळकरी वयातल्या दोरीवर गड चढत होतो.

मग उपाय? स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांना हेच दुखणे होते. वरिष्ठांनी शस्त्रक्रिया नाकारली, तेव्हा कंडरा तुटली तर करावीच लागेल म्हणून त्यांनी टाचेवर मुद्दाम भार टाकला, असे ते सांगतात. कंडरा तुटली नाही, दुखणे कमी झाले. 1998 मध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतल्या पंधरा धावपटूंवरचा अभ्यास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराच्या तीन फेऱ्या, वाकवून तीन, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत हा उपाय प्रत्येकाला तेवढाच लागू पडत नाही, असेही दिसले.

दोन डॉक्टरांतले दुसरे इतिहासाच्या जास्त जवळ होते, हा माझा निष्कर्ष. पूर्ण विश्रांतीने कंडरा दुबळी होते, बेताच्या आणि नेमाच्या भाराने बळकट होते. आता रोज जिन्याच्या खालच्या पायरीवर मी एकशे ऐंशी वेळा टाच सोडतो. सातवा आठवडा चालू आहे. भिंत अजून धरावी लागते, पण दहाऐवजी चारच पावले. त्या शिलालेखाच्या शेवटच्या दोन ओळी त्या दिवशी उजेडाअभावी वाचायच्या राहिल्या होत्या. पौषात जाऊन पाहीन म्हणतो.